ॲमस्टरडॅमला जायचा आठवडा कसा ठरवावा: ट्युलिप, सुट्ट्या, व्हिसा आणि बुकिंगचा क्रम

“मेच्या सुट्टीत ॲमस्टरडॅमला जातोय, ट्युलिप बघायला मिळतील ना?” हा प्रश्न दरवर्षी मार्च-एप्रिलमध्ये येतो, आणि तोवर बहुतेकांनी विमानाची तिकिटं काढलेली असतात. तारीख १५ मेनंतरची असेल तर ‘नाही’ असंच सांगावं लागतं. आपल्याकडे शाळांना सुट्टी लागते तेव्हा तिकडे ट्युलिपचा हंगाम उतरणीला लागलेला असतो. दोन्हींचा सांधा जेमतेम आठ-दहा दिवसांचा. तो साधायचा तर तारीख ठरवण्याची पद्धतच बदलावी लागते.

नेहमी होतं ते असं: स्वस्त विमान दिसलं, तिकीट काढलं, रजा टाकली, व्हिसाच्या मागे लागलो आणि तिथे त्या आठवड्यात काय चालू असतं ते सगळ्यात शेवटी पाहिलं. इथे हे शेवटचं काम सुरुवातीला घेतलं आहे. तारखा ॲमस्टरडॅमच्या आहेत. दुसऱ्या शहराला जायचं असेल तर पायऱ्या याच ठेवा आणि तारखा तिथल्या शोधा.

## पायरी १: बसण्याआधी चार गोष्टी समोर घ्या

सगळ्यांचे पासपोर्ट, मुलांच्या शाळेचं वेळापत्रक, दोघांच्या ऑफिसच्या सुट्ट्यांची यादी आणि जायच्या वर्षाचं कॅलेंडर. कॅलेंडरवर आधी त्या वर्षीचा ईस्टर कधी आहे ते लिहा. ईस्टर दरवर्षी सरकतो आणि त्याच्यामागून नेदरलँड्सच्या वसंतातल्या दोन मोठ्या सुट्ट्या सरकतात. त्या पुढे पायरी ५ मध्ये येतील.

पासपोर्ट आत्ताच उघडून पाहा. शेंगेन व्हिसासाठी (नेदरलँड्ससह युरोपातल्या बहुतेक देशांना चालणारा एकच व्हिसा) तो गेल्या १० वर्षांत काढलेला असावा, परतीच्या तारखेनंतर किमान ३ महिने चालू असावा आणि त्यात निदान २ पानं कोरी असावीत. लहान मुलांचे पासपोर्ट पाच वर्षांत संपतात आणि नेमके तेच बघायचे राहून जातात.

तपासा: एकाचाही पासपोर्ट नूतनीकरणाला द्यायचा असेल तर तो हातात येईपर्यंत परत न मिळणारं कोणतंही बुकिंग करू नका.

## पायरी २: जाण्याचं मुख्य कारण एका ओळीत लिहा

“सगळंच बघायचंय” हे कारण धरून तारीख निघत नाही. फुलं, संग्रहालयं, कालव्याकाठच्या लांब संध्याकाळी, नाताळच्या दिवसांतली रोषणाई, मुलीकडे किंवा मुलाकडे जाऊन राहणं, यांतलं एक पहिल्या क्रमांकाला ठेवा. प्रत्येकाचा काळ वेगळा आहे. काही तर एकमेकांच्या विरुद्ध आहेत: ट्युलिपचे दिवस हे सगळ्यात महाग दिवस, आणि संग्रहालयं निवांत पाहायचा काळ म्हणजे जानेवारी-फेब्रुवारी, तेव्हा बाहेर बोचरी थंडी.

घरात दोन मतं असतील तर कोणती गोष्ट वर्षभर मिळते ते विचारा. राइक्सम्युझियम हे राष्ट्रीय संग्रहालय वर्षाचे ३६५ दिवस उघडं असतं. कालव्यातली बोट बाराही महिने मिळते. ट्युलिपचं शेत मात्र वर्षातून अडीच-तीन आठवडेच फुललेलं दिसतं. जे थोडे दिवस असतं त्याच्यावर तारीख ठरवा. बाकीचं त्या तारखेत आपोआप बसतं.

## पायरी ३: फुलांसाठी जायचं असेल तर दिवस मोजून घ्या

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून इथे जरा थांबतो.

पहिली गोष्ट, कोकेनहॉफ ही बाग आहे, शेत नव्हे. ॲमस्टरडॅमच्या नैर्ऋत्येला लिस नावाच्या गावात ती आहे. विस्तार ३२ हेक्टर. दर शरद ऋतूत तिथे सुमारे ७० लाख कंद हातांनी लावतात. ती फक्त आठ आठवडे उघडते. २०२४ मध्ये २१ मार्च ते १२ मे, २०२५ मध्ये २० मार्च ते ११ मे आणि २०२६ मध्ये १९ मार्च ते १० मे अशा तारखा होत्या. म्हणजे मार्चमधल्या तिसऱ्या गुरुवारच्या सुमारास सुरू आणि मेच्या दुसऱ्या रविवारी बंद. तुमच्या वर्षाच्या तारखा बागेच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या.

बाग उघडी आहे म्हणजे ट्युलिप फुललेत असंही नाही. आधी येतं क्रोकस, केशराच्या कुळातलं. मग मार्चअखेर ते एप्रिलच्या मध्यापर्यंत डॅफोडिल आणि हायसिंथ. ट्युलिपचा बहर साधारण एप्रिलच्या मध्यापासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. बागेत काही वाफ्यांमध्ये कंद एकावर एक थरांनी लावतात, लवकर फुलणारे वर आणि उशिरा फुलणारे खोल. त्यामुळे पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत तिथे काही ना काही रंग असतो. मार्चअखेर गेलात तर फुलं दिसतील, पण फोटोत पाहिलेले ट्युलिपचे पट्टे दिसणार नाहीत.

आता शेतं. हारलेम आणि लायडनच्या मधल्या पट्ट्यात लिस, हिलेगोम, नोर्डवाइकरहाउट ही गावं आहेत आणि त्यांच्या भोवती ही रंगीत शेतं. इथल्या शेतकऱ्याचं पीक म्हणजे कंद. शेतातली फुलं तो विकत नाही. फूल उमललं, रोगट झाडं शोधून उपटून झाली, की तो शेतात यंत्र घालतो आणि फुलांची डोकी छाटून टाकतो, म्हणजे झाडाची ताकद बी धरण्यात न जाता कंदात उतरते. सकाळी पाहिलेलं लाल शेत दुपारी नुसतं हिरवं झालेलं असतं आणि मधल्या सऱ्यांत पाकळ्यांचा खच पडलेला असतो. कोणतं शेत कोणत्या दिवशी कापणार हे आधी कुणी जाहीर करत नाही. म्हणून मेच्या पहिल्या आठवड्यात बाग भरलेली आणि आजूबाजूची शेतं मोकळी असं हमखास पाहायला मिळतं.

एकच आठवडा निवडायचा झाला तर मी १८ ते २५ एप्रिल निवडेन. मार्च उबदार गेला तर बहर आठवडाभर अलीकडे येतो, थंडी लांबली तर आठवडाभर पलीकडे जातो, आणि हे दिवस दोन्ही बाजूंनी सांभाळून घेतात.

### शाळेचा तिढा कसा सोडवायचा

राज्य मंडळाच्या बऱ्याच शाळांच्या वार्षिक परीक्षा एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यापर्यंत चालतात. दहावीची परीक्षा मात्र मार्चमध्ये संपते. घरातलं एकुलतं शाळकरी मूल दहावीतून सुटलेलं असेल तर ट्युलिपसाठी याहून चांगलं वर्ष नाही. एप्रिलचा तिसरा आठवडा डोळे मिटून घ्या. बारावीचं मूल असेल तर जेईई, सीईटी, नीट याच दिवसांत असतात, तेव्हा त्या वर्षी हा बेत नकोच.

धाकट्यांची परीक्षा एप्रिलअखेर संपत असेल तर त्याच रात्रीचं विमान धरा आणि पहिले दोन दिवस फुलांना द्या. पॅरिस, स्वित्झर्लंड वगैरे जोडायचं असेल तर ते मागे ठेवा. बऱ्याच सहलींमध्ये सुरुवात लंडन-पॅरिसने होते आणि ॲमस्टरडॅम सातव्या-आठव्या दिवशी येतं. मेच्या सुरुवातीला निघणाऱ्यांना तेवढाच उशीर नडतो. टूर कंपनीकडून जाणार असाल तर “कोकेनहॉफ आहे ना?” एवढंच विचारू नका. कोकेनहॉफ कोणत्या तारखेला आहे ते विचारा आणि ती तारीख लेखी घ्या.

लिसच्या पट्ट्यात उशीर झालाच, तर उत्तरेकडची शेतं आणि फ्लेवोलँड प्रांतातला नोर्डओस्टपोल्डर भाग थोडा मागाहून फुलतो. तिकडे गाडी किंवा पूर्ण दिवस हाताशी लागतो.

सावधान: शेतात शिरून फोटो काढू नका. ती खासगी जमीन आहे, आणि बुटांच्या मातीतून एका शेताचा रोग दुसऱ्या शेतात जातो. बांधावरून किंवा रस्त्याच्या कडेने फोटो छान येतात.

तपासा: तुमच्या सहलीत ट्युलिपसाठी ठरवलेला दिवस ५ मेच्या अलीकडचा आहे का? नसेल तर फुलं हे मुख्य कारण खोडा आणि पुढच्या पायरीतून दुसरं निवडा.

## पायरी ४: फुलं नसतील तर बाकीचं वर्ष कसं असतं

तापमानापेक्षा उजेड आधी बघा, कारण दिवसभरात किती हिंडता येणार ते उजेडावर ठरतं. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य पहाटे सव्वापाचच्या सुमारास उगवतो आणि रात्री दहा वाजून गेल्यावर मावळतो. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तो पावणेनऊनंतर उगवतो आणि साडेचारला दिवस संपतो. जवळजवळ १७ तास आणि पावणेआठ तास, एवढा फरक. डिसेंबरात सकाळी आठला नाश्ता करून बाहेर पडलात तर रस्त्यावर अंधारच असतो.

कमाल तापमान सरासरीने जानेवारीत ६ अंश, एप्रिलमध्ये १३, जुलैमध्ये २२ आणि ऑक्टोबरात १५ अंशांच्या आसपास राहतं. आकड्यांवरून एप्रिल महाबळेश्वरच्या थंडीसारखा वाटेल, पण उघड्या सपाट मुलखावरून येणारा वारा त्यातले तीन-चार अंश खाऊन टाकतो.

पावसाबद्दलचा समज तर बदलायलाच हवा. तिथे वर्षभरात मिळून साधारण साडेआठशे मिलिमीटर पाऊस पडतो. मुंबईत तेवढा एकट्या जुलैत होतो. पण तो वर्षभर थोडा थोडा पडत राहतो. पावसाळा असा वेगळा नाही आणि कोरडा हंगामही नाही. त्यातल्या त्यात एप्रिल कोरडा आणि शरद ऋतू ओला. त्यामुळे पाऊस टाळण्यासाठी महिना बदलण्यात फारसा अर्थ नाही.

मेचा उत्तरार्ध आणि जून. आपल्या शाळांच्या सुट्टीत नीट बसणारा आणि माझ्या मते सहकुटुंब जायला सगळ्यात सोयीचा काळ. उजेड भरपूर, उकाडा नाही, आणि तिथल्या शाळांची उन्हाळी सुट्टी अजून सुरू व्हायची असते. ट्युलिप नाहीत, पण फुलांचा व्यापार बघायचा असेल तर आल्समेरचा फुलांचा लिलाव आहे. तो कामाच्या दिवशी सकाळी चालतो आणि वर्षभर पाहता येतो. सातच्या सुमारास पोचलात तर फुलांच्या ट्रॉल्यांच्या लांबलचक गाड्या खाली धावताना वरच्या पुलावरून दिसतात. मुलांना हे बागेइतकंच आवडतं.

जुलै-ऑगस्ट. सगळा युरोप सुट्टीवर, त्यामुळे शहर तुडुंब. उष्णतेची लाट आली तर पारा तिशी ओलांडतो आणि जुन्या इमारतींतल्या बऱ्याच लहान हॉटेलांत एसी नसतो. याच दिवसांत जायचं असेल तर खोली घेताना एसी आहे का ते विचारा, आणि जिने किती चढायचे तेही. कालव्याकाठच्या जुन्या घरांचे जिने अरुंद आणि उभे असतात, लिफ्ट क्वचित.

ऑगस्टचा मध्य ते सप्टेंबरचा मध्य. हिल्व्हरसम-लारेनकडची माळरानं आणि फेल्युवेचं जंगल या दिवसांत हेदरच्या जांभळ्या फुलांनी भरतं. आपल्याकडून फार थोडे लोक हे बघायला जातात. गणपती कधी आहेत तेवढं पाहून बेत करा.

दिवाळीची सुट्टी. पानगळ सुंदर, वारा आणि पाऊस जोरात, गर्दी बेताची. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं एक तास मागे जातात. आपल्यातला फरक साडेतीनचा साडेचार तास होतो आणि संध्याकाळ एकदम लवकर येते. संग्रहालयांसाठी हा काळ उत्तम, बागांसाठी नाही.

नोव्हेंबरअखेर ते जानेवारी. कालव्यांवर प्रकाशाच्या कलाकृती मांडणारा लाइट फेस्टिव्हल याच काळात असतो. लवकर पडणारा अंधार इथे कामाला येतो. २५ आणि २६ डिसेंबर दोन्ही दिवस सुट्टी, तेव्हा दुकानं आणि जेवणाची ठिकाणं आधी बघून ठेवा. जानेवारीच्या तिसऱ्या शनिवारी राष्ट्रीय ट्युलिप दिन असतो. काचघरात वाढवलेल्या ट्युलिपची तात्पुरती बाग शहरात मांडतात आणि लोकांना फुलं फुकट खुडून नेऊ देतात. हिवाळ्यात ट्युलिपची बाग बघायची ही चांगली संधी.

### मुलांकडे राहायला जाणाऱ्या आई-वडिलांसाठी

ॲमस्टेलव्हेन, आइंडहोव्हन अशा ठिकाणी नोकरीनिमित्त राहणारी मराठी कुटुंबं बरीच आहेत आणि त्यांच्याकडे आई-वडील मोठ्या मुक्कामाला जातात. शेंगेनमध्ये कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. पोचल्याचा आणि निघाल्याचा दिवस, दोन्ही त्यात धरतात. १० एप्रिलला उतरलात तर ८ जुलै हा नव्वदावा दिवस. हाच मुक्काम मला सर्वांत चांगला वाटतो: ट्युलिपचा बहर मिळतो, दिवस मोठे होत जातात आणि रोज फिरायला बाहेर पडता येतं. फेब्रुवारीत गेलेली साठीपुढची माणसं पहिला महिना घरातच काढतात.

दहा-बारा दिवस आधी पोचता आलं तर ॲमस्टेलव्हेनला लागून असलेल्या ॲमस्टरडॅमसे बॉस या वनात चेरीची ४०० झाडं आहेत. त्यांचा बहर मार्चअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीला असतो. मग नव्वद दिवसांचा हिशेब तेवढा अलीकडे ओढायचा.

## पायरी ५: निवडलेल्या आठवड्यातले सणवार तपासा

महिना बरोबर आणि दिवस चुकीचा, असंही होतं. कॅलेंडरवर या खुणा करून ठेवा.

२७ एप्रिल हा राजाचा वाढदिवस, किंग्ज डे. २७ ला रविवार आला तर तो २६ ला साजरा करतात. २०२५ मध्ये तसंच झालं. शहर नारिंगी कपड्यांतल्या माणसांनी भरतं, लोक रस्त्यावर जुन्या वस्तू विकायला बसतात, कालव्यात बोटींची दाटी होते आणि मध्यवर्ती भागात ट्राम चालत नाहीत. तरुण मंडळींनी मुद्दाम हा दिवस साधावा. लहान मुलं किंवा वयस्कर माणसं बरोबर असतील तर त्या दिवशी हारलेम-लायडनसारख्या गावात मुक्काम ठेवा. आणि काही झालं तरी २६-२७ ला शहरात सामानासह येण्या-जाण्याचा बेत करू नका.

४ मे हा युद्धातल्या मृतांच्या स्मरणाचा दिवस. रात्री आठला दोन मिनिटं सगळं थांबतं, ट्रामसुद्धा. बाहेर असाल तर जिथे आहात तिथे शांत उभे राहा, फोन खिशात ठेवा. ५ मे मुक्तीदिन.

ईस्टरनंतर ३९ दिवसांनी येणारा गुरुवार आणि ५० दिवसांनी येणारा सोमवार या दोन सरकत्या सुट्ट्या. गुरुवारच्या सुट्टीला लोक शुक्रवार जोडतात आणि चार दिवस खोल्या महाग होतात. २०२६ मध्ये त्या १४ मे आणि २५ मे अशा, म्हणजे बरोबर आपल्या सुट्टीत. शिवाय एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीला तिथल्या शाळांनाही सुट्टी असते. त्या दिवसांत कोकेनहॉफलाही मोठी गर्दी असते.

ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी प्राइड या एलजीबीटी समुदायाच्या उत्सवातली बोटींची मिरवणूक असते आणि ऑक्टोबरच्या उत्तरार्धात पाच दिवस मोठा संगीत महोत्सव. दोन्ही वेळा खोल्या मिळणं अवघड जातं.

## पायरी ६: खर्च तारखेला लावून पाहा

ॲमस्टरडॅममध्ये पर्यटन कर खोलीच्या भाड्याच्या १२.५ टक्के आहे, युरोपातल्या सर्वांत जास्त दरांपैकी एक. १ जानेवारी २०२६ पासून मुक्कामावरचा व्हॅटही ९ वरून २१ टक्के झाला. उदाहरण घ्या: मूळ भाडं १५० युरो, त्यावर व्हॅट ३१.५० आणि पर्यटन कर १८.७५. एका रात्रीचे २००.२५ युरो झाले. बुकिंगच्या पहिल्या पडद्यावर दिसणाऱ्या रकमेत पर्यटन कर बऱ्याचदा धरलेला नसतो. कर टक्केवारीने आहे, म्हणून एप्रिलअखेर भाडं वाढलं की करही वाढतो.

तुलना करायची पद्धत साधी आहे. एकच हॉटेल घ्या आणि तीन वेगवेगळ्या आठवड्यांची सगळ्या करांसहित रक्कम पाहा. मग तेच हारलेम आणि झानडॅमसाठी करा. झानडॅम रेल्वेने साधारण १२ मिनिटांवर, हारलेम १५ ते २० मिनिटांवर. ट्युलिपसाठी जाणाऱ्यांना हारलेम किंवा लायडनच सोयीचं, कारण शेतांचा पट्टा या दोघांच्या मध्येच आहे.

नेहमीची चूक: विमान आठ-दहा हजारांनी स्वस्त मिळतं म्हणून आठवडा पुढे ढकलायचा आणि त्या आठवड्यात जोडसुट्टी आल्यामुळे हॉटेलात त्याच्या दुप्पट घालवायचे. विमान आणि मुक्काम यांची बेरीज करूनच ठरवा.

## पायरी ७: व्हिसाचे दिवस उलटे मोजा

अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावा लागतो. निर्णयाला साधारण १५ दिवस, काही प्रकरणांत ४५ पर्यंत. पण खरी अडचण अपॉइंटमेंटची आहे. उन्हाळी सुट्टीचे अर्ज फेब्रुवारी-मार्चपासून एकदम येतात आणि अर्ज स्वीकारणाऱ्या व्हीएफएस केंद्रात जवळची तारीख मिळत नाही. म्हणून २० एप्रिलला निघायचं असेल तर डिसेंबरात कागद गोळा करा आणि जानेवारीत अर्ज द्या. दिवाळीच्या सुट्टीसाठी जुलै-ऑगस्ट.

जास्त रात्री ज्या देशात, त्या देशाकडे अर्ज. रात्री सारख्या असतील तर आधी ज्या देशात उतरणार त्याच्याकडे. नेदरलँड्सच्या ३ आणि स्वित्झर्लंडच्या ५ रात्री असतील तर अर्ज स्वित्झर्लंडकडे जातो, मग विमान ॲमस्टरडॅमला उतरत असलं तरी. बेत बदलताना हा हिशेब पुन्हा करा.

शुल्क मोठ्यांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५, त्याखालच्यांना माफ. केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. विमा किमान ३०,००० युरोंचा आणि मुक्कामाचे सगळे दिवस धरणारा हवा.

तपासा: व्हिसा हाती येईपर्यंत हॉटेल रद्द करता येणारं आणि विमानाचं आरक्षण शक्य तितकं लवचीक ठेवलं आहे का?

## पायरी ८: बुकिंग याच क्रमाने करा

1. तारीख पक्की झाली की त्याच दिवशी रद्द करता येणारं हॉटेल. एप्रिलच्या खोल्या हिवाळ्यातच भरू लागतात.
2. विमा, विमानाचं आरक्षण आणि व्हिसाचा अर्ज.
3. व्हिसा आल्यावर कोकेनहॉफ. तिकीट तारीख आणि प्रवेशाची वेळ धरून असतं. सकाळी उघडताना आठची किंवा दुपारी चारनंतरची वेळ घ्या. सोमवार ते बुधवार त्यातल्या त्यात मोकळे. स्किपोल विमानतळ, ॲमस्टरडॅमचं राय स्टेशन, हारलेम आणि लायडनहून हंगामात बस सुटतात. बससकटचं तिकीट घेतलेलं बरं.
4. भेटीच्या सहा आठवडे आधी ॲन फ्रँकचं घर (नाझींपासून लपून तिने डायरी लिहिली ती जागा, आता संग्रहालय).
5. त्यानंतर व्हॅन गॉग संग्रहालय आणि राइक्सम्युझियमच्या वेळा.

चौथ्या मुद्द्याकडे जास्त लक्ष द्या, कारण सगळ्यांत जास्त लोक इथेच चुकतात. ॲन फ्रँकच्या घराची तिकिटं फक्त त्यांच्या संकेतस्थळावर मिळतात. दारात मिळत नाहीत. दर मंगळवारी सकाळी १० वाजता, तिथल्या घड्याळाने, सहा आठवड्यांनंतरच्या तारखा खुल्या होतात आणि गर्दीच्या हंगामात लगेच संपतात. आपल्याकडे तेव्हा उन्हाळ्यात दुपारचा दीड आणि हिवाळ्यात अडीच वाजलेला असतो. एप्रिलच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात जाणाऱ्यांसाठी तो मंगळवार मार्चच्या पूर्वार्धात येतो. युरोपातली घड्याळं मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढे जातात, म्हणजे तेव्हा अजून अडीचची वेळ लागू असते. मेअखेर जाणाऱ्यांचा मंगळवार एप्रिलमध्ये पडतो, त्यांनी दीडला बसावं. दहा मिनिटं आधी लॉगइन करा, सगळ्यांची संख्या आणि कार्ड तयार ठेवा, आणि एका तारखेवर अडून न राहता दोन पर्यायी दिवस मनात असू द्या.

सावधान: तिकीट संपल्यावर शोधात वर येणाऱ्या इतर संकेतस्थळांवरून “प्रवेशासह” म्हणून विकले जाणारे दौरे नीट वाचा. त्यांतले बरेचसे फक्त परिसर बाहेरून फिरवतात.

## पायरी ९: निघण्याआधीचा आठवडा

कोकेनहॉफच्या संकेतस्थळावर हंगामात फुलांची सद्यस्थिती देतात, ती पाहा. डच हवामान खातं केएनएमआयचा अंदाजही पाहा, पण पाच दिवसांपलीकडच्या अंदाजावर बेत बदलू नका.

एप्रिलसाठी तीन थर लागतात: सुती कपडा, मधे हलका लोकरी, वर टोपी असलेलं वाराही अडवणारं जलरोधक जॅकेट. छत्री नेऊ नका, तिथल्या वाऱ्यात ती उलटी होते आणि सायकलवर तर धरताच येत नाही. जूनमध्येही हेच जॅकेट बरोबर ठेवा. नोव्हेंबर ते मार्च हातमोजे आणि जलरोधक बूट.

विमानतळावर वेळ धरून ठेवा. युरोपच्या सीमेवर नवी नोंदणी पद्धत आल्यापासून पहिल्या प्रवेशाला बोटांचे ठसे आणि फोटो घेतात. उतरल्यावर तासाभरातली पुढची गाडी किंवा त्याच दुपारचं कोकेनहॉफ ठरवू नका.

शेवटी रोजचा बेत लिहिताना वेळ बांधलेल्या गोष्टी आधी मांडा: ॲन फ्रँक, व्हॅन गॉग, कोकेनहॉफ. शेतांमधून सायकल चालवण्याचा दिवस मात्र कोणत्याही तिकिटाला जोडू नका. लिसला सायकली भाड्याने मिळतात. रात्री अंदाज बघून, उद्या कोरडी सकाळ दिसली तर उद्याच निघा.